९७वे ऑस्कर: पहाटे उठल्याचं चीज झालं का?

सरळ सांगतो, अवॉर्ड नाइट हा प्रकार मला झेपत नाही. आपल्याकडच्या कार्यक्रमांत दोन तास नाच, तासभर थट्टामस्करी, आणि ज्यानं सिनेमा कापून-जोडून उभा केला त्या संकलकाचं नाव खालच्या पट्टीतून पळत जातं. ऑस्कर मात्र मी चुकवत नाही. तिथं संकलन, ध्वनी, छायाचित्रण, वेशभूषा यांनाही हिरोला मिळते तेवढीच बाहुली मिळते, त्याच स्टेजवर, त्याच माइकसमोर. २०२२ साली त्यांनाही दुर्बुद्धी सुचली होती. संकलन, ध्वनी, पार्श्वसंगीत धरून आठ पुरस्कार प्रक्षेपणाआधीच उरकले आणि नंतर मधेमधे तुकडे दाखवले. त्यावर एवढी बोंब झाली की पुढच्याच वर्षी सगळे परत मुख्य कार्यक्रमात आले.

माझा जीव यात अडकलाय, कारण माझं आयुष्य थिएटरच्या प्रोजेक्टर केबिनमध्ये गेलं. कोल्हापुरातल्या एका सिंगल स्क्रीन थिएटरात मी ऑपरेटर होतो. कार्बनच्या कांड्या सरकवत पडद्यावरचा उजेड धरून ठेवण्यापासून सुरुवात केली, मग झेनॉनचे दिवे आले. शेवटी रिळांच्या पेट्या यायच्या बंद झाल्या, सर्व्हरचा डबा आला आणि माझं काम बटण दाबण्यापुरतं उरलं. तेव्हा हे परीक्षण रेड कार्पेटचं किंवा झग्यांचं नाही. कुणी काय घातलं होतं ते दुसरीकडे भरपूर मिळेल.

आता कार्यक्रम. सोमवार, ३ मार्च २०२५. तिकडे लॉस एंजेलिसच्या डॉल्बी थिएटरात रविवारचे दुपारचे चार, इकडे पहाटेचे साडेपाच. टीव्हीवर थेट, मोबाइलवरही थेट. एकूण २३ पुरस्कार आणि साडेतीन तासांहून जास्त वेळ. कामावर जाणाऱ्याला हे सगळं अडचणीचंच आहे. माझं काय, दूधवाला आला तेव्हा सहायक अभिनेता झाला होता आणि पोह्यांची बशी हातात आली तेव्हा संकलन. नातू झोपेतच म्हणाला, "आबा, निकाल मोबाइलवर येतोय की. कशाला उठायचं?" निकालासाठी कोण उठतंय? बाहुली हातात आल्यावर माणूस काय बोलतो, ते बघायला उठायचं.

सूत्रसंचालक कोनन ओ'ब्रायन पहिल्यांदाच होता आणि मला आवडला. लांबलचक माणूस, चेहरा गंभीर ठेवून चावट बोलणारा. 'द सब्स्टन्स'मधल्या त्या पाठ फाटण्याच्या प्रसंगाची टर उडवत त्याची एंट्री झाली. ज्यांनी सिनेमा बघितला नव्हता त्यांना काही कळलं नसेल आणि ज्यांनी बघितला होता त्यांचा चहा राहिला असेल. मधेच त्यानं भारतातल्या प्रेक्षकांना हिंदीतून नमस्कार केला आणि नाश्त्याचं काहीतरी बोलला. उच्चार असे की ही हिंदी आहे हे कळेपर्यंत तो पुढच्या भाषेत गेला होता. पण आमच्या मंडळी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघत उभ्या राहिल्या, म्हणजे काम झालं म्हणायचं. जानेवारीत लॉस एंजेलिसला ज्या आगी लागल्या, त्यातल्या अग्निशमन दलाच्या जवानांना स्टेजवर बोलावलं, टाळ्या झाल्या आणि मग त्यांच्याकडूनच विनोद वाचून घेतले. भाषणबाजी न करता मान दिला. हे जमायला अवघड असतं.

विजेत्यांमध्ये गाडी पुढे होती 'अनोरा'ची. सहा नामांकनं, पाच पुरस्कार: सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, मूळ पटकथा, संकलन आणि मायकी मॅडिसनला अभिनेत्रीचा. शॉन बेकर हा गडी त्यातल्या चारांसाठी स्वतः वर आला, कारण सिनेमा त्यानंच लिहिला, केला, कापला आणि निर्मात्यांतही तोच. एका रात्रीत चार बाहुल्या याआधी वॉल्ट डिस्नेनं नेल्या होत्या, १९५४ साली, पण त्या चार वेगवेगळ्या चित्रपटांसाठी. एकाच चित्रपटासाठी चार कुणी नेल्या नव्हत्या. आणि खर्च किती, तर साठ लाख डॉलर. हॉलिवूडच्या मानानं चिल्लर.

संकलनाची बाहुली घेताना बेकर जे बोलला त्यावर मी एकटाच मोठ्यानं हसलो. म्हणाला, हा सिनेमा मी एडिटिंगमध्ये वाचवलाय, त्या दिग्दर्शकाला परत काम देऊ नका. दिग्दर्शक तोच! आम्ही केबिनवाले हे वर्षानुवर्षं म्हणत आलो. आठवड्याभरानं रीळ परत जायचं तेव्हा कुठल्या गावच्या ऑपरेटरनं किती जोड मारलेत ते हाताला लागायचं, आणि कधीकधी त्या कापाकापीनं सिनेमा सुधारलेलाही असायचा.

दिग्दर्शनाची बाहुली त्याला क्वेंटिन टॅरँटिनोनं दिली, आणि तेव्हा बेकरनं कागद काढला. वाचून दाखवलं, पण मनापासून. थिएटर धोक्यात आहेत, महासाथीच्या काळात अमेरिकेतले जवळजवळ हजार पडदे बंद झाले, अजून होतायत. दिग्दर्शकांनो, मोठ्या पडद्यासाठीच सिनेमे करत राहा. वितरकांनो, आधी थिएटरात लावा. आईबापांनो, पोरांना थिएटरात न्या. आणि शेवटी आईला वाढदिवसाच्या शुभेच्छा, कारण पाच वर्षांचा असताना तिनंच त्याला सिनेमाला नेलं होतं आणि नेमका त्याच दिवशी तिचा वाढदिवस होता. त्या दिवशी एवढं कामाचं भाषण दुसरं झालं नाही. हजार पडदे म्हणजे हजार केबिन, हा हिशेब माझा मी केला.

'अनोरा' ३५ एमएमच्या फिल्मवर, तेही स्कोपच्या, म्हणजे रुंद चित्र देणाऱ्या भिंगांनी चित्रित केलाय. मी तो आधीच बघितला होता. रात्रीच्या ब्रुकलिनमध्ये अनोरा धरून चौकडी तिच्या पळालेल्या नवऱ्याला शोधत गारठत फिरते, तिथं दिव्यांच्या कडा जशा आडव्या पसरतात आणि अंधारात फिल्मचा जो दाणा हलतो, तो डिजिटलवर येत नाही. आणायला जातात, पण तो वरून टाकलेला कळतो. सिनेमा घरच्यांसोबत बघायचा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पहिला तासभर तर नाहीच. पण शेवटच्या प्रसंगात गाडीच्या काचेवर वायपर फिरत राहतो त्याच्या आवाजावर सगळा सिनेमा तोलून धरलाय. बॉक्समधला, पिटातला, बाल्कनीतला, कुठलाही प्रेक्षक तिथं गप्प झाला असता.

मॅडिसन जिंकली तेव्हा ती २५ वर्षांची होती, आणि समोर 'द सब्स्टन्स'मधली ६२ वर्षांची डेमी मूर. सगळ्यांनी मूरवर पैसे लावले होते. मीही तिच्याच बाजूनं होतो, पण निकाल अन्यायाचा नाही.

आता माझ्या आवडीचा विषय, 'द ब्रूटलिस्ट'. तीन पुरस्कार: एड्रियन ब्रोडी अभिनेता, लोल क्रॉली छायाचित्रण, डॅनियल ब्लूमबर्ग संगीत. ब्रोडीचं भाषण पाच मिनिटं चाळीस सेकंद चाललं, ऑस्करच्या इतिहासात सगळ्यात लांब. संगीत वाजवून त्याला हाकलायला लागले तर त्यानं संगीतच बंद करायला लावलं, वर म्हणतो मी हे आधी केलंय. केलंय खरं, 'द पियानिस्ट'साठी, २९ वर्षांचा असताना. पण म्हणून काय झालं? बिचाऱ्या ध्वनीवाल्यांना एवढा वेळ कोण देतं?

क्रॉलीला मात्र मी उठून टाळ्या वाजवल्या. हा सिनेमा व्हिस्टाव्हिजनवर चित्रित केलाय. तरुण वाचकांसाठी सांगतो. नेहमीच्या कॅमेऱ्यात फिल्म वरून खाली जाते आणि एका चित्राला चार भोकं लागतात. व्हिस्टाव्हिजनमध्ये तीच ३५ एमएमची फिल्म आडवी पळते आणि एका चित्राला आठ भोकं घेते. चित्राची जागा दुपटीहून मोठी, त्यामुळे बारकावा जबरदस्त. पॅरामाउंटनं १९५४ मध्ये हे काढलं, आणि १९६१ नंतर अमेरिकेत पूर्ण सिनेमा कुणी त्यावर केला नव्हता, कारण फिल्म दुप्पट जाते आणि कॅमेरे अवजड. 'स्टार वॉर्स'वाल्यांनी ट्रिक सीनसाठी ते कॅमेरे धूळ झटकून वापरले म्हणून ते जिवंत राहिले. थिएटरांत मात्र बहुतेक ठिकाणी छोटी करून छापलेली साधी उभीच प्रिंट यायची, आडव्या चालीची मशिनं आमच्या नशिबी कुठली. एक कोटी डॉलरपेक्षा कमी खर्चात, एवढ्या जुन्या यंत्रावर, तीन तास पस्तीस मिनिटांचा सिनेमा करायचा म्हणजे धाडस आहे. कॅरारातल्या संगमरवराच्या खाणीचा भाग बघा. पांढऱ्या दगडावर पांढरं धुकं, तरी दगडाची शीर न् शीर दिसते.

त्या लांबीत पंधरा मिनिटांचं मध्यंतर धरलेलं आहे. तिकडच्या वर्तमानपत्रांनी या मध्यंतराचं केवढं कौतुक केलं! आम्ही जन्मभर मध्यंतर दिलं, आमच्याबद्दल कुणी ओळ लिहिली नाही. पण यातलं मध्यंतर सिनेमाचाच भाग आहे. पडद्यावर एक लग्नाचा फोटो लागतो, त्यावर मिनिटं-सेकंद उलटे मोजत जातात. नायकाची बायको पूर्वार्धात दिसतच नाही, पत्रांमधून तिचा आवाज तेवढा येतो. तो फोटो बघत पंधरा मिनिटं बसलं की उत्तरार्धात ती उतरते तेव्हा आपणही तिची वाट बघत असतो.

मी हा सिनेमा लेकीकडे पुण्याला गेलो तेव्हा एका मल्टिप्लेक्समध्ये बघितला. नाव घेत नाही. दुपारचा एकच खेळ, अर्धं थिएटर रिकामं. मध्यंतर आलं, फोटो लागला, आकडे सुरू झाले, आणि मिनिटभरात पडदा कापून पॉपकॉर्नची जाहिरात! मग दंतमंजन, मग एक बिल्डर. फोटो परत आला तेव्हा शेवटची काही सेकंदं उरली होती. मी बाहेर जाऊन विचारलं, ऑपरेटर कुठाय? तिथल्या पोरानं प्रामाणिकपणे सांगितलं, "काका, ऑपरेटर नाहीये, शेड्यूल वरून येतं." वरून म्हणजे कुठून, ते त्यालाही माहीत नव्हतं. पोराला काय बोलायचं? शॉन बेकर म्हणतो थिएटरात जा. जातो की बाबा. पण थिएटरात सिनेमा लावणारा माणूस तरी ठेवा.

ॲनिमेशनच्या पुरस्कारानं मात्र मला सगळ्यात जास्त आनंद दिला. लाटव्हियाचा 'फ्लो'. गिंट्स झिलबालोदिस नावाच्या तरुण दिग्दर्शकानं केलेला, ब्लेंडर नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर. समोर 'इनसाइड आउट २', म्हणजे २०२४ मध्ये जगात सगळ्यात जास्त गल्ला जमवलेला चित्रपट. आणि जिंकलं कोण, तर एक काळं मांजर, पूर आलेल्या जगात होडीतून फिरणारं, सोबत एक कुत्रा, एक लेमूर, एक कॅपिबारा आणि एक लांब पायांचा पक्षी. एक शब्द संवाद नाही. लाटव्हियाला मिळालेलं हे पहिलं ऑस्कर. नातवाला सांगितलं, ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवला तिथला तू, आणि फुकटचं सॉफ्टवेअर तुझ्या लॅपटॉपवरही येतं. तो म्हणाला, "आबा, ग्राफिक कार्ड घ्या मग." किंमत ऐकून विषय बदलला.

वेशभूषेचा पुरस्कार 'विकेड'साठी पॉल टॅझवेलना मिळाला. या विभागात जिंकणारे ते पहिले कृष्णवर्णीय पुरुष, आणि त्यांनी ते स्टेजवर सांगितलं तेव्हा सगळं सभागृह उभं राहिलं. कोल्हापूरकराला हा विभाग आला की एकच नाव आठवतं. भानू अथैया, माहेरच्या राजोपाध्ये, कोल्हापूरच्या. १९८३ मध्ये 'गांधी'साठी जॉन मोलो यांच्यासोबत बाहुली घेतलेल्या, आणि ऑस्कर मिळवणारं पहिलं भारतीय माणूस त्याच. पुढे २०१२ मध्ये त्यांनी ती बाहुली अकादमीकडेच जपायला परत दिली. आपल्याकडे ती नीट राहील याची त्यांना खात्री वाटली नाही. आठ वर्षांनी त्या गेल्या. शहरात कुणाला हे सांगितलं की अजूनही "आपल्या कोल्हापूरच्या?" असं विचारतात.

आंतरराष्ट्रीय चित्रपटाचा मान ब्राझीलच्या 'आय ॲम स्टिल हिअर'ला. लष्करी राजवटीत १९७१ साली नवऱ्याला उचलून नेतात आणि बाई पाच पोरं सांभाळत उभी राहते. दिग्दर्शक वॉल्टर सॅलेस. नायिका फर्नांडा टोरेसला नामांकन होतं, तसंच ते २६ वर्षांपूर्वी तिच्या आईला होतं, तेही सॅलेसच्याच सिनेमासाठी. तिकडे नेमका कार्निव्हल सुरू होता, त्यामुळे रस्त्यावरच जल्लोष झाला.

आपण कुठं होतो? 'लापता लेडीज' पाठवला होता, तो निवडक पंधरा सिनेमांच्या यादीतही आला नाही. सिनेमा गोड आहे, मला आवडतो. पण त्याच वर्षी पायल कपाडियाचा 'ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट' फ्रान्सच्या कान महोत्सवात ग्रां प्री हा मोठा पुरस्कार जिंकून आला होता. त्यात आपली छाया कदम आहे, आणि सिनेमाचा उत्तरार्ध मुंबई सोडून रत्नागिरीकडे समुद्राकाठी जातो. तो पाठवला नाही. पाठवला असता तर जिंकला असता असं मी म्हणत नाही. निदान बघणाऱ्यांच्या टेबलावर तरी गेला असता. लघुपटांत दिल्लीतल्या शिलाई कारखान्यातल्या मुलीवरचा 'अनुजा' शर्यतीत होता, तो डच भाषेतल्या 'आय ॲम नॉट अ रोबॉट'नं मागे टाकला.

माहितीपटात 'नो अदर लँड'. वेस्ट बँकेतल्या मसाफेर यट्टा इथली घरं पाडली जातात, ते पॅलेस्टिनी आणि इस्रायली तरुणांनी मिळून टिपलंय. दोघं शेजारी उभे राहून बोलले. जिंकला त्या दिवसापर्यंत अमेरिकेत हा सिनेमा लावायला एकही वितरक मिळाला नव्हता. म्हणजे बाहुली होती, पण पेटी घ्यायला कुणी तयार नव्हतं.

बाकीचं पटापट. 'एमिलिया पेरेझ' तेरा नामांकनं घेऊन आला आणि दोन घेऊन गेला, सहायक अभिनेत्री झोई साल्दान्या आणि एक गाणं. मला तेवढंही जास्त वाटलं. 'ड्यून: पार्ट टू'ला ध्वनी आणि व्हीएफएक्स, यावर वाद नाही, खुर्ची हादरवणारा तो आवाज घरच्या टीव्हीवर ऐकण्यात काही अर्थ नाही. 'कॉन्क्लेव्ह'ला आधारित पटकथा. 'द सब्स्टन्स'ला रंगभूषा. सहायक अभिनेता ठरलेल्या कीरन कल्किननं बायकोशी झालेला चौथ्या पोराचा करार जाहीरपणे सांगितला, बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

तक्रारीही आहेत. या वेळी नामांकन मिळालेली गाणी स्टेजवर गायलीच नाहीत. वेळ वाचवायचा म्हणे. दोन वर्षांपूर्वी 'नाटू नाटू' त्याच कार्यक्रमात सादर झालं तेव्हा आमच्या गल्लीत सकाळी सकाळी शिट्ट्या वाजल्या होत्या. तो वेळ वाचवून दिला कुणाला, तर जेम्स बाँडच्या नाचगाण्याला. त्या वर्षी बाँडचा सिनेमाही नव्हता! कापायचंच होतं तर तिथं कात्री चालवायची. अमेरिकेत तर हुलू या ॲपवर बघणाऱ्या बऱ्याच जणांचं प्रक्षेपण शेवटचे दोन पुरस्कार बाकी असतानाच संपलं. शेवटचं रीळ न लावता खेळ सोडला असता तर आमच्याकडे खुर्च्या मोडल्या असत्या.

पाचपैकी साडेतीन देतो. अर्धा बाँडनं खाल्ला, एक गाण्यांनी. कुणी बघावं? ज्याला सिनेमा कसा बनतो यात रस आहे त्यानं पहाटेच बघावं, पूर्ण. ज्याला फक्त तारे बघायचेत त्यानं शेवटचा पाऊण तास बघितला तरी चालेल. अभिनेता, दिग्दर्शक, अभिनेत्री, चित्रपट सगळं तिथंच येतं.

२०२६च्या सोहळ्यासाठी दोन गोष्टी कळल्यात. एक, कास्टिंगलाही, म्हणजे कलाकार निवडण्याच्या कामालाही, आता बाहुली मिळणार. दुसरी, ज्या विभागात मत द्यायचं त्यातले सगळे नामांकित सिनेमे बघितल्याशिवाय सदस्यांना शेवटच्या फेरीत मत देता येणार नाही. म्हणजे आतापर्यंत न बघताच देत होते, हे त्यांनी स्वतःच कबूल केलं! कोननच परत सूत्रसंचालन करणार आहे, तारीख १५ मार्च २०२६. तोवर तिकडे घड्याळं तासभर पुढे गेलेली असतील, तेव्हा तिकडच्या चारला सुरू झालं तर आपल्याकडे साडेपाचऐवजी साडेचार. मंडळींना सांगितलं. म्हणाल्या, साडेचारला चहा तुमचा तुम्ही करायचा.